हवेचा घागरा : बॅलेच्या टुटूची कुळकथा

(मंचाच्या मासिक बैठकीत झालेल्या भाषणाचं हे थोडं संपादित रूप. भाषणानंतरची चर्चा जागेअभावी देता आलेली नाही.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन-तीन फोन आले. आपल्या मंचावर एरवी शिक्षण, जात, पाणी, निवडणुका असे विषय असतात, मग हा बॅलेचा झगा मध्येच कुठून आला, असा एकूण सूर होता. शंका रास्त आहे. पण मी पॉलिमर रसायनशास्त्राची संशोधक आहे आणि कापडाला आग लागू नये म्हणून काय करावं, हा माझ्या कामाचा एक भाग आहे. या शास्त्राचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्याच पानांवर नाटकगृहं, परकर आणि भाजलेल्या नर्तकी भेटतात. त्या वाटेने मी टुटूपर्यंत पोचले. नृत्याची मी जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकते.

टुटू म्हणजे बॅले नर्तकीचा तो जाळीदार घागरा. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक पोटरीपर्यंत घंटेसारखा खाली येणारा, दुसरा कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरलेला. दोन्ही पाहताना वाटतं की याला वजनच नाही, हवेचाच बनवलाय. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की हा हलकेपणा फुकट आलेला नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजली. ती कोणी मोजली आणि ठरवली कोणी, हे पाहिलं की फॅशनबद्दल आणि आपल्याबद्दलही बरंच कळतं.

सुरुवात राजदरबारापासून करू. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचायचा. १६५३ साली त्याने एका बॅलेत सूर्याची भूमिका केली आणि १६६१ साली नृत्याची अकादमी स्थापन केली. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तकी रंगमंचावर आल्या त्या मात्र १६८१ साली. त्यांच्या अंगावर दरबारी स्त्रियांचाच पोशाख असे : आवळलेली चोळी, जमिनीपर्यंत घोळदार झगा, टाचांचे जोडे. म्हणजे त्या काळी फॅशन आणि बॅले यांत अंतर असं नव्हतंच. दरबारात जे नेसत, तेच जरा भडक करून रंगमंचावर येई. पुरुष गुडघ्यापर्यंतच्या पोशाखात उड्या मारत आणि स्त्रिया झग्याखाली झाकलेल्या पायांनी नाजूक पावलं टाकत.

यात पहिली कात्री लावली ती मारी कामार्गोने. हवेत उडी घेऊन पावलांची झपाझप कैची करायची, ही करामत तोवर पुरुषांची मानली जाई. कामार्गोला ती येत होती, पण झग्याखाली ती दिसणार कशी? १७३०च्या सुमारास तिने झगा घोट्याच्या वर घेतला. काही इंचांचा प्रश्न होता, पण गहजब झाला. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये तर झग्याखालचा सांगाडाच काढून टाकला आणि साध्या मलमलीच्या वस्त्रात, मोकळ्या केसांनी ती नाचली. या दोघींच्या गोष्टीत एक साम्य आहे. बदल नर्तकीने स्वतः केला आणि नृत्यासाठी केला. पुढच्या गोष्टीशी ताडून पाहण्यासाठी हे लक्षात ठेवा.

पुढचं शतक मलमलीचं. ढाक्याच्या मलमलीने युरोपातल्या श्रीमंतांना वेड लावलं होतं. १७७९ साली सॅम्युएल क्रॉम्प्टनने सूत कातण्याचं असं यंत्र काढलं की तलम सूत इंग्लंडच्या गिरण्यांत निघू लागलं. ढाक्याच्या विणकरांचं पुढे काय झालं, ते या सभागृहात नव्याने सांगायला नको. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आगेमागे पॅरिसच्या स्त्रिया ग्रीक पुतळ्यांसारखे पातळ पांढरे झगे घालू लागल्या. तशात १८०८-०९ च्या सुमारास जॉन हीथकोटने जाळी विणण्याचं यंत्र तयार केलं. हाताने विणायला महिनोन्महिने लागणारी जाळी आता वारावर निघू लागली. १८१६ साली लडाइट कामगारांनी लफबरोमधली त्याची यंत्रं फोडली आणि त्याने आपला कारखाना टिव्हर्टनला हलवला. तेव्हा टुटूचं कापड जन्मापासूनच गिरणी, बेकारी आणि साम्राज्य यांच्या धाग्यांनी विणलेलं आहे.

आता १२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले रंगला. फिलिपो तालिओनी याने आपली मुलगी मारी हिच्यासाठी तो बसवला होता. मारी तालिओनी वनदेवतेच्या रूपात आली ती पांढऱ्या, घंटेसारख्या, अनेक पदरी घागऱ्यात, आणि पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचत. या पोशाखाचं श्रेय परंपरेने यूजेन लामी या चित्रकाराला दिलं जातं. ऑपेरात दहा वर्षांपूर्वीच गॅसचे दिवे आले होते. त्या निळसर, मंद करता येणाऱ्या उजेडात पांढरी जाळी धुक्यासारखी दिसे. प्रेक्षकांना नर्तकी जमिनीवर नाहीच, असा भास होई. पुढे १८४१ साली 'जिझेल' आला आणि पांढऱ्या घागऱ्यातल्या भुतावळींची युरोपभर लाट आली.

या घागऱ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या : गिरणीचं तलम सुती कापड आणि उघडी ज्योत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पोटात इथे गोळा येतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते तापलं की त्यातून ज्वलनशील वाफा निघतात आणि जळतात त्या या वाफा. जाड सतरंजी सहज पेट घेत नाही, पण तेच सूत जाळीच्या रूपात पसरलं की प्रत्येक धाग्याला चारी बाजूंनी हवा मिळते. असे कित्येक थर एकावर एक, मध्ये हवा, आकार घंटेचा, म्हणजे खालून वर ज्वाला ओढून घेणारं धुराडंच. शेगडी पेटवण्यासाठी याहून चांगली रचना मला सुचवता येणार नाही.

अपघात होऊ लागले. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टरचा घागरा रंगमंचावरच्या दिव्याला लागून पेटला. प्रेक्षकांदेखत. ती दोन-तीन दिवसांत गेली. १८६१ साली फिलाडेल्फियात एका नाटकाच्या वेळी अशीच आग लागून गेल भगिनी आणि त्यांना वाचवायला धावलेल्या इतर नर्तकी दगावल्या.

रंगमंचाबाहेरही हेच चाललं होतं. १८५६ पासून पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याची, म्हणजे क्रिनोलिनची फॅशन आली. घेर एवढा की शेकोटी किती दूर आहे हे नेसणारीला कळायचं नाही. अमेरिकन कवी लाँगफेलोची पत्नी फॅनी हिचा कपडा १८६१ साली घरातच पेटला आणि ती वारली. ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी १८७१ साली एका समारंभात याच कारणाने गेल्या. आपल्या पिढीतल्या बहुतेकांना स्टोव्ह आणि नायलॉनची साडी यांची बातमी लहानपणी पेपरात वाचल्याचं आठवत असेल. त्यातले सगळे अपघात अपघात नव्हते, तो वेगळा आणि काळा विषय आहे. पण कपडा आणि ज्योत यांचं गणित तेच.

यावर उपाय माहीत नव्हता का? होता, आणि बराच आधीपासून. नाटकगृहांना लागणाऱ्या आगींमुळे अठराव्या लुईने गे-ल्युसाक या थोर रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं होतं. अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात भिजवून वाळवलेलं कापड ज्वाळेने पेटत नाही, हे त्याने १८२१ साली दाखवून दिलं. फॉस्फेटसारखे क्षार असले की तापलेलं सेल्युलोज वेगळ्या वाटेने मोडतं. ज्वलनशील वाफा कमी निघतात, कोळसा आणि पाणी जास्त. हे तत्त्व आजही आम्ही वापरतो. म्हणजे 'ला सिल्फीद'चा पडदा उघडण्याच्या अकरा वर्षं आधी शास्त्राने आपलं काम केलं होतं.

मग अडलं कुठे? १८५९ साली व्हर्समान आणि ओपेनहाइम या दोघांनी व्हिक्टोरिया राणीच्या सांगण्यावरून मलमलीवर बरेच क्षार तपासले. त्यांची एक महत्त्वाची कसोटी होती इस्त्री! काही क्षारांनी कापड गरम इस्त्रीखाली तपकिरी पडे, काहींनी इस्त्री अडखळे. इस्त्रीच्या कपड्यांसाठी त्यांनी सोडियम टंगस्टेट निवडलं. मला हा शोधनिबंध फार आवडतो, कारण त्यात धोबिणीचा अनुभव प्रयोगशाळेत आला आहे. पण अडचणी उरल्याच. क्षार धुतले की निघून जात. कापड थोडं कडक, जड आणि मळकट दिसे. आणि ज्या घागऱ्याचं सगळं मोलच हलकेपणात, त्याला हे परवडणार कसं?

एमा लिव्रीची गोष्ट इथे येते. ऑपेरातल्या एका नर्तकीची ही मुलगी. सोळाव्या वर्षी पदार्पण, खुद्द मारी तालिओनी तिची गुरू. तालिओनीने तिच्यासाठी १८६० साली 'ले पापियों' म्हणजे 'फुलपाखरू' हा बॅले बसवला. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीने जळतात. त्याआधी १८५९ साली फ्रान्समध्ये हुकूम निघाला होता की नाटकगृहातले पडदे आणि पोशाख अग्निरोधक द्रावणातून काढलेच पाहिजेत. लिव्रीने नकार दिला. आपण नेहमीच्याच घागऱ्यात नाचू आणि होईल त्याची जबाबदारी आपली, असं तिने लेखी कळवलं. ऑपेराने ते मान्य केलं. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका तालमीत, विंगेतल्या गॅसच्या दिव्याजवळ तिने घागरा सावरला आणि तो पेटला. आठ महिने ती अंथरुणावर होती. २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आजारपणातही, ते औषध लावलेले घागरे फार कुरूप असतात, परत नाचायला मिळालं तरी मी ते घालणार नाही, असं ती म्हणाल्याची नोंद आहे. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, "तिचाच हट्ट." आपण पुरोगामी मंडळी व्यक्तिस्वातंत्र्याचा आदर करतो, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्यालाही पटकन पटतो. पण जरा थांबून पाहू. तिची सगळी कमाई, सगळं नाव त्या धुक्यासारख्या दिसण्यावर उभं होतं. कडक घागऱ्यात ती कमी दिसली असती तर नुकसान तिचं एकटीचं झालं असतं. ऑपेराने दिवे झाकले असते, सगळ्याच नर्तकींना सक्ती केली असती, तर कोणा एकीला निवड करायची वेळच आली नसती. तसं न करता संस्थेने एका विशीतल्या मुलीकडून जबाबदारीचं पत्र घेतलं. ज्या निवडीत एका पारड्यात पोट आणि कीर्ती आहे, तिला स्वातंत्र्य म्हणताना माझी जीभ अडखळते.

'टुटू' हा शब्दच पाहा ना. तो फ्रेंचमध्ये १८८०च्या दशकात रूढ झाला. ट्यूल या जाळीच्या नावावरून तो आला असं काही जण म्हणतात, पण जास्त मान्य व्युत्पत्ती वेगळी आहे. लहान मुलांच्या भाषेत ढुंगणाला जो शब्द, त्याचा हा अपभ्रंश. हा घागरा प्रेक्षक कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्या शब्दाने सांगून टाकलंय. ऑपेराच्या श्रीमंत वर्गणीदारांना नर्तकींच्या सरावाच्या दालनात मुक्त प्रवेश असे आणि तिथे काय सौदे चालत हे सगळ्या पॅरिसला ठाऊक होतं. देगाने १८८१ साली चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला आणि त्याला खऱ्या कापडाचा टुटू घातला. ती मुलगी मारी फान गोएथेम, एका धोबिणीची लेक. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला कामावरून काढलं. पुतळा जगभरच्या संग्रहालयांत आहे, मुलीचं पुढे काय झालं याचा धड पत्ता नाही. एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज बायका मलमल तीच वापरत, पण नर्तकीसारखं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं, ते यामुळे.

ताटासारखा आखूड टुटू आला तो पुन्हा नृत्याच्या गरजेतून. व्हर्जिनिया झुक्की १८८५ साली रशियात गेली आणि आखूड घागऱ्याचा आग्रह धरून बसली. १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये पिएरीना लेन्यानीने एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेतल्या. असं काम करणाऱ्या पायांना गुडघे झाकून कसं चालेल? असा टुटू शिवणं हे आजही हातकाम आहे. जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येकाला निऱ्या, वरचा सगळ्यात लांब, खाली जाताना आखूड होत गेलेले, सगळे चड्डीला शिवलेले, काहींत मध्ये पोलादी तारेचं कडं. आकार बिघडू नये म्हणून तो उलटा टांगतात. रोज धुता येत नाही, म्हणून घामाचा वास घालवायला त्यावर व्होडका फवारतात.

विसाव्या शतकात वारं उलट दिशेने वाहू लागलं आणि फॅशन बॅलेकडे पाहू लागली. १९०९ साली दियागिलेव रशियन बॅले घेऊन पॅरिसला आला. १९१० च्या 'शेहेरजाद'मध्ये बाक्स्टच्या पोशाखांत टुटू नव्हता. होत्या जनानखान्यातल्या सलवारी, मोती, भडक केशरी आणि निळे रंग. काही दिवसांतच पॅरिसच्या मेजवान्यांत सलवारी आणि फेटे दिसू लागले. पॉल प्वारे हा शिंपीसम्राट त्या फॅशनचा राजा. बाक्स्टकडून आपण काही घेतलं, हे त्याने मान्य केलं नाही. तिथला 'पूर्व' हा देश अर्थातच नकाशावर कुठेही नव्हता. १९२४ साली शानेलने 'ले त्राँ ब्ल्यू'साठी नर्तकांना चक्क विणलेले पोहण्याचे कपडे दिले.

याच लाटेतून एक धागा आपल्याकडे येतो. ॲना पावलोवा १९२०च्या दशकात भारतात दोनदा येऊन गेली. १९२३ साली लंडनमध्ये तिने तरुण उदय शंकरबरोबर 'राधा-कृष्ण' केलं. १९२८ साली मुंबईत तिचा कार्यक्रम पाहून रुक्मिणीदेवी अरुंडेल बॅले शिकू लागल्या आणि तुम्ही आपलं नृत्यही शोधा, असा सल्ला त्यांना पावलोवाकडून मिळाला. पुढे भरतनाट्यम् शिकून त्यांनी त्यासाठी निऱ्यांचा शिवलेला पोशाख घडवला. आपल्या मुली अरंगेत्रम्‌ला घालतात, त्याची ही कुळी. मात्र ज्या देवदासींकडून हे नृत्य आलं, त्यांच्या नेसण्याची जागा या 'सभ्य' पोशाखाने घेतली, हेही विसरू नये. कोणाच्या अंगावर काय शोभतं हे ठरवणारे कोण, हा प्रश्न फक्त पॅरिसचा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जोड्यांवर रेशन आलं. बॅलेच्या सपाता त्यातून सुटल्या होत्या. क्लेअर मॅकार्डेलने कॅपेझिओ कंपनीकडून तशा सपाता रस्त्यावर घालण्याजोग्या करून घेतल्या. १९५६ साली रेपेटोने ब्रिजित बार्दोसाठी तशाच केल्या आणि त्या आजही दुकानांत आहेत. १९४७ नंतर दिओरच्या आवळलेल्या कमरा आणि जाळीचे घोळदार घागरे आले. १९५० साली कारिन्स्काने न्यूयॉर्कमध्ये कडं नसलेला, मऊ, कमी थरांचा टुटू शिवला, जो शेजारच्या नर्तकीला अडकत नाही. १९७४ साली न्यूयॉर्कमध्येच 'त्रोकादेरो' ही मंडळी निघाली. तिथे पुरुष टुटू घालून, मनमुराद हसवत पण तंत्रात कसूर न करता नाचतात. आणि १९९८ पासून टीव्हीवर न्यूयॉर्कच्या रस्त्यात टुटू घालून चालणारी बाई घराघरांत पोचली.

एक गोष्ट राहिली : रंग. माझ्या मुलीच्या बॅलेच्या वर्गाच्या यादीत 'त्वचेच्या रंगाचे' पायमोजे लिहिले होते. दुकानात त्या नावाने मिळाले ते फिकट गुलाबी. मी विचारलं तेव्हा बाईंनी सौजन्याने समजावलं की पाय आणि बूट यांची रेषा अखंड दिसावी म्हणून तो रंग असतो. कारण शंभर टक्के खरं आहे. पण मग सावळ्या मुलीच्या दंडापासून पावलापर्यंत जाणारी रेषा कमरेशीच तुटते, त्याचं काय? आर्थर मिचेलने १९६९ साली स्थापन केलेल्या हार्लेमच्या डान्स थिएटरने १९७४ साली हा प्रश्न सोडवला. प्रत्येक नर्तिकेने मोजे आणि बूट स्वतःच्या रंगाचे घालायचे. पण तयार बूट मिळत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय नर्तकी गुलाबी बुटांना मेकअप फासून ते रंगवत राहिल्या, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळात. लंडनच्या फ्रीड कंपनीने 'बॅले ब्लॅक'बरोबर तपकिरी बूट बाजारात आणले ते २०१८ साली. रसायनशास्त्राची कुठलीही अडचण नव्हती, तपकिरी रंग आपल्याला हजारो वर्षं माहीत आहे.

लिव्रीच्या घागऱ्यात आणि या बुटांत मला एकच सूत्र दिसतं. उपाय माहीत असतो. तो अमलात आणण्याचा भार मात्र सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसावर टाकला जातो आणि वर त्याला त्याची निवड म्हटलं जातं. हे बदलतं ते भार हलवल्यावर. अमेरिकेत रेयॉनचे स्वेटर आणि मुलांचे काउबॉय पोशाख पेटून मुलं भाजली, तेव्हा १९५३ साली ज्वलनशील कापडांचा कायदा आला. जबाबदारी आईवरून उत्पादकावर गेली. तोही प्रवास सरळ नव्हता. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरलेलं 'ट्रिस' हे अग्निरोधक कर्करोगकारक असल्याचं दिसून आल्यावर १९७७ साली त्यावर बंदी घालावी लागली. माझ्या शास्त्राने तिथे नवं संकट आणलं होतं आणि निस्तरलं ते पुन्हा नियमनाने.

म्हणून आपल्या मुलींच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा, बॅले असो की भरतनाट्यम्, जरूर टाळ्या वाजवा. टुटू सुंदर आहे, आणि लिव्रीलाही तो सुंदर वाटत होता म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. फक्त कार्यक्रमानंतर वर्गाच्या समितीत कोणी बसत असेल, तर त्यांनी कपड्यांची यादी एकदा वाचावी. ती कोणी केली, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली, आणि ज्या मुलीला ती बसत नाही तिने काय करावं अशी अपेक्षा आहे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

माझं बोलणं इथे संपवते. अग्निरोधकांबद्दल काही शंका असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा.